मातीत गंधक आहे, मग पिकाला का मिळत नाही?

(खांदेश्वर, नवी मुंबई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला जिन्यातच अडवलं. "बाई, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे जिवाणू आणि गंधक कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी रसायनशास्त्राची नाही, शेतीशास्त्राची तर मुळीच नाही. पण माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं. भाऊ कांदा लावतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या शेतात एक गोष्ट घडली आणि तिने मला या विषयात ओढलं. तिथूनच सुरुवात करते.

भावाने माती तपासून घेतली होती. अहवालात गंधक कमी आलं. दहा पीपीएम, म्हणजे एक किलो मातीत दहा मिलिग्रॅम, ही साधारण सीमा धरतात. त्याचा आकडा तिच्या खाली होता. कांद्याला गंधक लागतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तो दुकानात गेला आणि पिवळ्या दाण्यांचं बेंटोनाइट गंधक घेऊन आला. त्यात गंधक किती? नव्वद टक्के. लागवड होऊन महिना उलटून गेला होता, थंडी होती. त्याने दाणे टाकले, पाणी दिलं आणि वाट बघत बसला. कांदा पिवळटच राहिला. काढणीच्या वेळी वाफा उकरला तर ते पिवळे दाणे फुटून तिथेच पडलेले. भाऊ मला फोनवर म्हणाला, "ताई, पोतं भरून गंधक टाकलं, पण पिकाला चिमूटभर मिळालं नाही. हे कसं?"

त्याच फोनमध्ये त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. शेजाऱ्याने गंधकाचं कसलंच खत टाकलं नव्हतं. दरवर्षी शेणखत मात्र भरपूर. त्याचा कांदा हिरवागार.

एकाकडे गंधक आहे आणि मिळत नाही, दुसऱ्याने दिलं नाही तरी मिळतंय. कार्यकारणभाव हा माझ्या अभ्यासाचा विषय. मला गप्प बसवेना. मी वाचायला लागले.

गंधक लागतं कशाला?

आधी हे बघू. गंधक म्हटलं की आपल्याला फटाके आठवतात, द्राक्षाच्या भुरीवर मारायची पावडर आठवते. पण गंधक आपल्या शरीरातही आहे. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यातल्या दोघांत गंधक असतं, सिस्टीन आणि मेथिओनिन. पेशी नवं प्रथिन विणायला घेते तेव्हा सुरुवातच मेथिओनिनने करते. केस जळला की जो वास येतो तो केसातल्या गंधकाचा. इथे मधुमेही बरेच बसलेत, त्यांच्यासाठी सांगते: इन्सुलिनचा रेणू आपला आकार धरून ठेवतो तो गंधकाच्या तीन जोड्यांच्या टाक्यांवर. हे टाके उसवले की इन्सुलिन कामाचं राहत नाही.

स्वयंपाकघरात या. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारं, लसणाचा उग्रपणा, हिंगाचा वास, मोहरीचा झणका, काळ्या मिठाचा तो खास गंध, सगळी गंधकाची संयुगं. गंमत म्हणजे शुद्ध गंधकाला जवळजवळ वास नसतो. तो दुसऱ्या मूलद्रव्यांशी जोडला गेला की त्याला वास येतो. वैशेषिक दर्शनात पृथ्वी या द्रव्याचं लक्षण गंध हे सांगितलंय. कणादांना गंधकाचं रसायन ठाऊक असण्याचं कारण नाही, मी ओढूनताणून विज्ञान शोधणाऱ्यांतली नाही. पण खाडीकाठी चिखलात उभं राहिलं की ते लक्षण आठवतं एवढं खरं.

पिकांना किती लागतं? ढोबळ हिशेब असा: एक टन तृणधान्य पिकवायला तीन-चार किलो गंधक, एक टन कडधान्याला आठ किलो, एक टन तेलबियांना बारा किलो. म्हणजे भुईमूग, सोयाबीन, मोहरी ही गंधकाची मोठी गिऱ्हाइकं. कांदा-लसूणही त्याच रांगेत.

तिजोरी भरलेली, पण कुलूपबंद

आता मुद्द्याकडे येते. वनस्पतीचं मूळ गंधक घेतं ते मुख्यतः एकाच रूपात, सल्फेट. सल्फेट म्हणजे गंधकाचा एक अणू आणि त्याला चार प्राणवायूचे. ते पाण्यात विरघळतं. म्हणूनच मुळाला शोषता येतं आणि म्हणूनच पावसाबरोबर वाहूनही जातं. कोकणातल्या पावसात तर ते टिकणं कठीणच.

बहुतेक शेतजमिनींच्या वरच्या थरात जेवढं गंधक असतं, त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त या सल्फेटच्या रूपात नसतंच. ते सेंद्रिय असतं. कुजलेला पाला, शेण, मेलेल्या बुरशा, मेलेले जिवाणू, ह्युमस, यांच्या रेणूंत अडकलेलं. माती तपासणीत काय मोजतात? कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात मातीतून जेवढं सल्फेट सुटतं तेवढं. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली, तिच्या बारा निकषांत गंधक आहे, ते अशाच मापाने. म्हणजे पत्रिका तुमच्या खिशातली रोकड सांगते. बँकेतली ठेव सांगत नाही. खोटं सांगत नाही बरं का. पण सगळं सांगत नाही.

ही ठेव दोन प्रकारच्या कुलपांत असते. पहिल्या प्रकारात कार्बन आणि गंधक यांच्या मध्ये प्राणवायूचा अणू असतो. याला सल्फेट एस्टर म्हणतात. बऱ्याच जमिनींत सेंद्रिय गंधकातला तीस ते साठ टक्के हिस्सा या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारात गंधक थेट कार्बनला जोडलेलं असतं: सिस्टीन, मेथिओनिनसारखी अमिनो आम्लं आणि सल्फोनेट नावाची संयुगं. पहिलं कुलूप तसं सोपं. दुसऱ्यातलं सल्फोनेट अवघड.

सांख्यांचा एक आवडता दाखला आहे, तिळात तेल आधीच असतं. वाळूतून तेल निघत नाही, तिळातूनच निघतं, म्हणून कार्य कारणात आधीपासून असतं असं ते म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्याने उत्पन्न होतं. हा वाद मी वर्गात तीस वर्षं रंगवला. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे. तीळ घरात ठेवून दिवा लागत नाही. घाणा लागतो.

मातीतला घाणा म्हणजे जिवाणूंची विकरं. विकर म्हणजे एन्झाइम. एक विशिष्ट रासायनिक काम जलद घडवून आणणारं आणि त्यात स्वतः खर्ची न पडणारं प्रथिन.

पहिली किल्ली: सल्फाटेज

सल्फेट एस्टरचं कुलूप उघडणाऱ्या विकरांना सल्फाटेज म्हणतात. त्यात मातीशास्त्राने सगळ्यात जास्त अभ्यासलेलं अ‍ॅरिलसल्फाटेज. काम साधं: पाण्याचा रेणू वापरून तो बंध तोडायचा आणि सल्फेट मोकळं करायचं. बुरशाही ही विकरं बनवतात, पण आज आपण जिवाणूंकडे बघतोय.

या विकराच्या पोटात एक नवल आहे. स्यूडोमोनास नावाच्या मातीतल्या जिवाणूत ते बारकाईने अभ्यासलंय. विकर बनतं तेव्हा त्याच्या काम करण्याच्या जागी सिस्टीन असतं, म्हणजे गंधकवालं अमिनो आम्ल. पण तसंच्या तसं ते चालत नाही. दुसरं एक विकर येऊन त्या सिस्टीनमधलं गंधक काढून टाकतं आणि तिथे फॉर्मिलग्लायसिन नावाचा वेगळाच गट तयार होतो. मग सल्फाटेज काम करू लागतं. गंधक मिळवायचं हत्यार, आणि ते परजण्यासाठी आधी त्याच्यातलंच गंधक काढावं लागतं! काही दुसऱ्या जिवाणूंत त्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असतं, त्यात गंधक नसतंच. दोन वाटा, मुक्काम एकच. आपल्या शरीरातल्या सल्फाटेजमध्येही हाच फॉर्मिलग्लायसिन गट आहे. तो नीट तयार न होणारा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार असतो आणि लहान मुलांच्या वाट्याला तो फार वाईट येतो. मातीतला जिवाणू आणि माणसाचं मूल, दोघांचं हे यंत्र एकाच घडणीचं.

हे विकर मातीत मोजायचं कसं? १९७० साली अमेरिकेतल्या आयोवा इथे तबाताबाई आणि ब्रेमनर यांनी सोपी रीत बसवली. एक ग्रॅम माती घ्यायची. तिच्यात पॅरानायट्रोफिनाइल सल्फेट नावाचं रंगहीन द्रव्य घालायचं. सदतीस अंश तापमानात तासभर ठेवायचं. विकराने सल्फेट तोडलं की जे उरतं ते अल्कलीत पिवळं दिसतं. जितकं पिवळं तितकं विकर. आजही जगभर हीच रीत थोड्याफार फरकाने वापरतात.

पण इथे माझ्यातली तर्कशास्त्राची मास्तरीण जागी होते. ही चाचणी मातीची क्षमता दाखवते. भरपूर कच्चा माल आयता दिला तर घाणा किती फिरेल हे. शेतात प्रत्यक्षात किती फिरतोय हे त्यावरून थेट कळत नाही. शिवाय विकर बनवणारा जिवाणू मेला तरी त्याचं विकर मातीच्या चिकण कणांना आणि ह्युमसला चिकटून काम करत राहू शकतं. करणारा गेला, करणी चालू. म्हणून विकर सापडलं म्हणजे त्या क्षणी जिवंत जिवाणू ते बनवतोय असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी किल्ली: सल्फोनेट तोडणारी विकरं

आता अवघड कुलूप. सल्फोनेट तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. कपडे धुवायच्या पावडरीत जो फेस आणणारा मुख्य घटक असतो, तो बहुतेक वेळा सल्फोनेटच. निसर्गातही सल्फोनेटं खूप आहेत. टॉरिन हे एक, प्राण्यांच्या शरीरात असतं. यात गंधक कार्बनला थेट जोडलेलं असल्यामुळे नुसत्या पाण्याने हा बंध तुटत नाही.

जिवाणू मग प्राणवायू वापरतो. ई. कोलाय या जिवाणूत ही यंत्रणा सविस्तर उलगडली आहे. तिच्यात दोन विकरं जोडीने काम करतात. पहिलं विकर फ्लेविन नावाच्या मदतनीस रेणूला इलेक्ट्रॉन देऊन भारतं. हे फ्लेविन ब जीवनसत्त्वांतल्या रिबोफ्लेविनपासून बनतं. दुसरं विकर ते भारलेलं फ्लेविन आणि हवेतला प्राणवायू घेऊन कार्बन-गंधक बंधावर घाव घालतं. बाहेर पडतं ते सल्फाइट. टॉरिनसाठी वेगळं विकर आहे, ते लोखंडाचा अणू हाताशी धरून काम करतं. आणि या रेणूंना पेशीच्या आत ओढून घ्यायला वेगळे वाहक आहेत. म्हणजे नुसती किल्ली नाही, माल आत आणणारे हमालही.

सल्फाइट पेशीला विषारी, ते साठवून चालत नाही. लगेच सहा इलेक्ट्रॉन देऊन त्याचं सल्फाइड करायचं आणि सल्फाइडपासून सिस्टीन. तिथून पुढे सगळी प्रथिनं.

आणि जिवाणूला आयतं सल्फेट मिळालं तर? तेही थेट वापरता येत नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं चलन, खर्च करून ते आधी सक्रिय करावं लागतं, मग सल्फाइट, मग सल्फाइड. तरी हा रस्ता परवडणारा. म्हणून सल्फेट भरपूर असेल तेव्हा सल्फोनेट तोडणाऱ्या विकरांची जनुकं बंद असतात. सल्फेट आटलं की नियंत्रक प्रथिनं ती जनुकं चालू करतात. घरात पीठ असताना कोणी जातं मांडून बसत नाही.

टंचाई आली की आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती फार लोभस वाटते. गंधकाच्या दुष्काळात बनणाऱ्या अनेक प्रथिनांत सिस्टीन आणि मेथिओनिन अगदी कमी असतात. १९८९ मध्ये कॅलोथ्रिक्स नावाच्या निळ्या-हिरव्या जिवाणूत दाखवलं गेलं की गंधक कमी पडलं की तो प्रकाश पकडणाऱ्या आपल्या प्रथिनाची वेगळीच आवृत्ती बनवतो, गंधक जवळजवळ वगळून. दुष्काळात दागिने मोडून घर चालवणाऱ्या बाया आपण पाहिल्यात. तसंच हे.

मग पिकाला कसं मिळतं?

इथे एक गैरसमज दूर करते. जिवाणू हे सगळं पिकासाठी करत नाहीत. स्वतःच्या पोटासाठी करतात. पुष्कळदा तर ते पिकाचे प्रतिस्पर्धी असतात. मातीत सल्फेट आलं की जिवाणू ते पटकन उचलून स्वतःच्या शरीरात घेतात. शास्त्रज्ञ याला स्थिरीकरण म्हणतात. उलट, सेंद्रिय गंधक मोकळं होणं म्हणजे खनिजीकरण. दोन्ही एकाच वेळी चालू असतात. जास्त काय होईल ते ठरतं मातीत टाकलेल्या पदार्थातल्या कार्बन आणि गंधकाच्या प्रमाणावर. गंधकाच्या एका भागाला कार्बनचे दोनशेहून कमी भाग असतील तर गंधक शिल्लक पडून पिकाला मिळतं. चारशेच्या वर गेलं तर जिवाणूच उपाशी, ते मातीतलं असलेलंही गंधक उचलतात. मध्ये असलं तर इकडे किंवा तिकडे.

आता शेजाऱ्याच्या शेणखताचं कोडं सुटतं. कुजलेल्या शेणखतात कार्बन बराचसा जळून गेलेला असतो, गंधक त्या मानाने टिकलेलं. वर्षानुवर्षं शेणखत पडल्याने त्याची ठेव मोठी आणि घाणा फिरवणारे जिवाणूही खूप. याउलट नुसतं गव्हाचं काड किंवा उसाचं पाचट गाडलं आणि लगेच पेरणी केली तर काही आठवडे पीक पिवळं पडतं. आपण नत्राला दोष देतो. तो खराच असतो, पण गंधकही त्यात भागीदार असू शकतं.

जिवाणू काही जन्मभर गंधक धरून बसत नाहीत. ते मरतात. प्रोटोझोआ, सूत्रकृमी त्यांना खातात आणि जास्तीचं गंधक बाहेर टाकतात. मुळांच्या भोवतालच्या बोटभर जागेत ही वर्दळ सर्वांत जास्त, कारण मुळं साखर आणि आम्लं पाझरवत असतात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे ब्रॉडबाल्क नावाचं गव्हाचं शेत आहे. १८४३ पासून तिथे एकच प्रयोग अखंड चालू आहे. तिथल्या गव्हाच्या मुळांशी सल्फोनेट तोडणारे जिवाणू शोधले, त्यात व्हेरिओव्होरॅक्स नावाची जमात पुढे आली. मायकेल केर्टेस आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू तपासली. टोमॅटोची वाढ सुधारणारा एक स्यूडोमोनास घेतला आणि त्याचं सल्फोनेट तोडायचं जनुक बिघडवलं. वाढ सुधारण्याचा त्याचा गुण गेला. कारण आणि कार्य यांचा संबंध असा तपासतात: कारण काढून घ्या आणि कार्य जातं का बघा. आपल्याकडे याला व्यतिरेक म्हणतात.

भावाच्या दाण्यांचं काय झालं?

बेंटोनाइट गंधक हे सल्फेट नाही, सेंद्रियही नाही. ते मूलद्रव्य गंधक. मुळाला ते जसंच्या तसं घेता येत नाही. त्याचं सल्फेट करायला वेगळ्या जिवाणूंची फौज लागते, थायोबॅसिलस आणि त्याचे भाऊबंद. यांची जगण्याची तऱ्हाच निराळी: गंधक हेच त्यांचं सरपण. ते जाळून ते ऊर्जा मिळवतात आणि राख म्हणून गंधकाम्ल बाहेर टाकतात. निर्जीव पदार्थ जाळून जगणारे जीव असतात हे विनोग्राड्स्की यांनी १८८७ मध्ये दाखवलं. वॅक्समन आणि जोफ यांनी १९२२ मध्ये मातीतल्या थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्सचं वर्णन केलं. हेच वॅक्समन पुढे स्ट्रेप्टोमायसिनमुळे प्रसिद्ध झाले.

या जिवाणूंना ऊब लागते, ओल लागते, हवा लागते आणि वेळ लागतो. आठवडे, कधी महिने. दाणा जितका बारीक विखुरला जाईल तितकं बरं. भावाने थंडीत, उभ्या पिकात, वरून टाकलं. गंधक बरोबर, वेळ चूक. म्हणूनच असं गंधक लागवडीच्या बरंच आधी मातीत मिसळायचं असतं. दुकानदाराने पोत्यावरचे नव्वद टक्के दाखवले. तो खोटं बोलला नाही. पण "हे आज टाकलंत तर कधी मिळेल?" हा प्रश्न भावाने विचारला नाही आणि त्याने सांगितला नाही.

आपल्या दारातली उलटी गोष्ट

आपण राहतो तिथे हे चित्र उलटं होतं. खांदेश्वरहून पनवेलच्या खाडीकडे गेलात तर ओहोटीला काळा चिखल दिसतो, सडक्या अंड्याचा वास येतो. तिथे गंधकाचा तुटवडा नाही, महापूर आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. चिखलात प्राणवायू नाही, म्हणून तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटवर श्वास घेतात. बायरिंक यांनी १८९५ मध्ये असा जिवाणू पहिल्यांदा वेगळा केला. यांचा उच्छ्वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तोच तो वास. लोखंडाशी जुळला की काळा आयर्न सल्फाइड, तोच तो रंग.

घाटावरचा जिवाणू चिमूटभर गंधक शरीर बांधायला घेतो, खाडीतला ढिगाने घेतो आणि श्वासाबरोबर सोडून देतो. मूलद्रव्य एकच, पण घेण्याचं प्रयोजन वेगळं. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथून पनवेल-१, पनवेल-२ अशा खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती निघाल्या. तिथला प्रश्न मिठाचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा आहे. तिथे कोणी गंधकाचं पोतं घेऊन गेलं तर हसतील. "गंधक द्यावं का?" या प्रश्नाला जमीन न बघता दिलेलं उत्तर म्हणूनच चुकीचं ठरतं.

टंचाई आली कुठून?

आमच्या लहानपणी गंधकाच्या कमतरतेची चर्चा नव्हती. कारण ते न मागता मिळत होतं. अमोनियम सल्फेटमध्ये नत्राबरोबर गंधक यायचं, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर अकरा टक्के गंधक यायचं, शेणखतातून यायचं. पुढे युरिया आणि डीएपी आले. दोन्ही नत्र-स्फुरदाच्या बाबतीत तगडे, पण त्यांत गंधक नाही. जनावरं कमी झाली, शेणखत कमी झालं. शेतात काड जाळलं की त्यातलं बरंचसं गंधक धुरात जातं. युरोपात आणखी एक कारण घडलं: कारखान्यांच्या धुरातलं गंधक आवरलं, हवा स्वच्छ झाली आणि मोहरीच्या जातीचं रेपसीड पीक पिवळं पडू लागलं. हवा स्वच्छ होणं चांगलंच. पण कोण आपल्याला काय देत होतं हे तो गेल्यावर कळतं, ते असं.

२०२३ मध्ये सरकारने गंधकाचा लेप दिलेला युरिया आणला, त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक. म्हणजे काढून टाकलेला पाहुणा पुन्हा बोलावला.

मला काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची. पोत्यातलं गंधक आपण विकत आणू. पण सेंद्रिय कर्ब घटत गेला तर ठेव आटते आणि घाणा फिरवणारेही उपाशी मरतात. मग प्रत्येक हंगामाला रोकड आणा, आणि पावसात ती वाहून जाऊ द्या. भावाने आता दोन्ही सुरू केलंय. चालू पिकाला सल्फेटवालं खत, आणि दर उन्हाळ्यात शेणखत. परवा फोनवर म्हणाला, "ताई, आता मी पिकाला नाही, मातीला जेवायला घालतो." मला वाटतं, मी तीस वर्षं शिकवलं त्यापेक्षा हे वाक्य बरं आहे.

प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: आम्ही गच्चीवर कुंड्या लावतो. गंधकासाठी कुंडीत आगकाड्या उलट्या खोचायला सांगतात. करावं का?*

(हशा) मीही ऐकलंय हे. आगकाडीच्या गुलात मुख्य भाग पोटॅशियम क्लोरेटचा असतो, गंधक थोडंसं. क्लोरेट हे तण मारायला वापरलेलं द्रव्य आहे. दोन काड्यांनी झाड मरणार नाही, पण भलं होईल असंही नाही. मूठभर चांगलं कुजलेलं कंपोस्ट घाला. कुंडीतलं पाणी खालून निघून जातं आणि सल्फेटही त्याबरोबर जातं, म्हणून दर काही महिन्यांनी घालत राहा.

*प्रश्न: हे जिवाणू बाटलीत मिळतात, ते आणून टाकले तर?*

गंधकाचं सल्फेट करणारे जिवाणू जिवाणूखत म्हणून मिळतात आणि मूलद्रव्य गंधक द्यायचं असेल तर त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण सल्फाटेजवाले, सल्फोनेटवाले तुमच्या मातीत आधीच आहेत. पाहुणे बोलावण्याआधी घरच्यांना जेवायला आहे का ते बघा.

*प्रश्न: माझा मुलगा गावी सोयाबीन करतो. पत्रिकेत गंधक कमी आलंय. शेणखतावर भागेल का?*

नुसत्या शेणखतावर सोडू नका. सोयाबीनची भूक मोठी आहे. पेरणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेट किंवा २०:२०:०:१३ यांपैकी काय बसतं ते तिथल्या कृषी सहायकाला विचारा. त्या शेवटच्या तेराचा अर्थ तेरा टक्के गंधक. जिप्समही चालतं. यातलं गंधक सल्फेटच्या रूपात असतं, लगेच मिळतं. मूलद्रव्य गंधक द्यायचं तर पेरणीच्या बरंच आधी, चुनखडीच्या जमिनीत ते विशेष उपयोगी, कारण त्यातून आम्ल तयार होतं. आणि शेणखत दरवर्षी. पहिलं या हंगामासाठी, शेवटचं नातवंडांसाठी.